नोहाचे तारू आणि अब्राहामाची घासाघीस



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापले आहे आणि त्याच्या खाली विषय छापला आहे तो हिब्रू धर्मग्रंथातल्या जलप्रलयाचा. पत्रिका वाचून दोघातिघांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, की महागाईभत्त्यावर बोलायचे सोडून तुम्ही हे कुठले तारू पाण्यात लोटायला निघालात? त्यांना मी एवढेच सांगितले, की गेली तीस वर्षे मागणी, नकार, शिक्षा, माफी आणि करार या पाच शब्दांतच माझा दिवस उगवतो आणि मावळतो. या पाच शब्दांचा इतका जुना आणि इतका सडेतोड विचार मला दुसरीकडे क्वचितच आढळला. माझे शिक्षण निम्मे यंत्रापाशी आणि निम्मे रात्रीच्या वाचनालयात झाले. तेव्हा पंडिताचे व्याख्यान माझ्याकडून अपेक्षू नका. एका वाचकाने दुसऱ्या वाचकांशी केलेली बातचीत, एवढेच याचे स्वरूप आहे.

ही कथा आपल्याला अगदी परकी आहे असेही नाही. शतपथ ब्राह्मणातला मनू आणि त्याला वाचवणारा मासा आपल्या परिचयाचे आहेत. शिवाय ज्यांची ही मूळ कथा, त्या इस्राएलांची एक शाखा आपल्या कोकणातच शतकानुशतके नांदली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. म्हणजे पाण्यातून वाचण्याची कथा त्यांनी ग्रंथातही वाचली आणि घराण्यातही सांगितली. हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. आठवड्यातून एक दिवस घाण्याला आणि बैलालाही विश्रांती असली पाहिजे, हा कायदा ज्या ग्रंथात सापडतो, त्याच ग्रंथातली ही कथा आहे.

मराठी वाचकाला हा ग्रंथ मिळाला तोही कष्टाने. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, ते केडगावहून छापून निघाले. मराठी बायबलात नोहाच्या नौकेला 'तारू' हा शब्द आहे. जे तारते ते तारू. भाषांतर करणाऱ्यांनी शब्द फार नेमका निवडला आहे.

आता कथा थोडक्यात सांगतो. 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचे सहा ते नऊ हे अध्याय. देवाने पाहिले, की पृथ्वी बिघडली आहे. त्याला माणूस निर्माण केल्याचा पस्तावा झाला आणि त्याने सर्व पुसून टाकायचे ठरवले. एक नोहा मात्र नीतिमान होता. देवाने त्याला तारू बांधायला सांगितले आणि मापेही दिली : लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात. आपल्या हिशेबाने सुमारे साडेचारशे फूट लांब, पंचाहत्तर फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट उंच. तीन मजले, एक दार, आतून-बाहेरून डांबर. नोहा, त्याची बायको, तीन मुलगे आणि तीन सुना अशी आठ माणसे आणि प्रत्येक जातीचे प्राणी आत गेले. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडला. तारू अरारातच्या डोंगरांवर टेकले. नोहाने आधी कावळा सोडला, मग पारवा. पारवा एकदा जैतुनाचे पान चोचीत घेऊन आला आणि पुढच्या खेपेस परतलाच नाही, तेव्हा जमीन कोरडी झाल्याचे कळले. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत वर्ष आणि वर दहा दिवस गेले.

बारकाईने वाचणाऱ्याला एक गोष्ट खटकते. एके ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायला सांगितले आहे, तर दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. एके ठिकाणी चाळीस दिवस, दुसरीकडे दीडशे. दोन जुन्या परंपरा येथे एकत्र विणल्या आहेत, असे अभ्यासक म्हणतात. पण त्याहूनही जुना धागा मातीखाली दडलेला होता, आणि तो ज्याने शोधला त्याच्याबद्दल मला विशेष आपुलकी वाटते.

जॉर्ज स्मिथ हा लंडनचा एक गरीब घरचा मुलगा. जन्म १८४०. चौदाव्या वर्षी त्याला एका छापखान्यात नोटांचे ठसे कोरण्याच्या कामावर उमेदवार म्हणून चिकटवले. जेवणाच्या सुटीत हा गडी ब्रिटिश म्युझियममध्ये जाई आणि निनवेहून आणलेल्या भाजक्या विटांवरची खिळ्यांसारखी अक्षरे न्याहाळीत बसे. कोरणाऱ्याची नजर होती, ती अक्षरांवर बसली. पुढे म्युझियमनेच त्याला नोकरीवर घेतले. १८७२ साली एका फुटक्या विटेवर त्याला ओळी सापडल्या : डोंगरावर टेकलेले जहाज, सोडलेला पारवा, परत आलेला पारवा. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने हा शोध विद्वानांच्या सभेत वाचून दाखवला, तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत बसले होते. पुढे चार वर्षांनी, उत्खननाच्या प्रवासातच, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी अलेप्पो येथे तो वारला. ज्यांना कोणी शिकवले नाही अशांच्या यादीत हे नाव वरच्या बाजूला लिहून ठेवावे.

स्मिथला सापडली ती गिल्गमेशच्या महाकाव्यातली प्रलयकथा. त्याहून सविस्तर कथा 'अत्रहासिस' या बाबिलोनी काव्यात आहे. त्याची एक प्रत ख्रिस्तपूर्व सतराव्या शतकातली आहे. या काव्याचा आरंभ आम्हा संघटनेच्या लोकांना मोठा गमतीचा वाटतो. माणूस अजून जन्मायचा आहे. कालवे खोदायचे, माती उपसायची ही कामे लहान देव करीत आहेत आणि मोठे देव स्वस्थ आहेत. एके दिवशी लहान देव कंटाळतात, फावडी आणि टोपल्या पेटवून देतात आणि मध्यरात्री मालकदेव एनलिलच्या वाड्याला वेढा घालतात. पुढारी कोण ते सांगा, असा निरोप आतून येतो. बाहेरून उत्तर जाते, की आम्ही सगळेच. संपाचे याहून जुने वर्णन माझ्या वाचनात नाही. आणि तोड काय निघते? देवांच्या ऐवजी राबायला माणूस निर्माण करायचा! मग माणसे वाढतात, त्यांचा गलबला वाढतो आणि एनलिलची झोप मोडते. आधी रोगराई, मग दुष्काळ, आणि अखेर प्रलय. एन्की नावाच्या दयाळू देवाने गुपित फोडले नसते तर कोणी उरलेच नसते. उघड सांगायचे नाही अशी शपथ होती, म्हणून त्याने झोपडीच्या बोरूच्या कुडाला सांगितले, आणि कुडाआड अत्रहासिस ऐकत होता!

कथेचा सांगाडा तोच आहे : प्रलय, जहाज, डोंगर, पक्षी. पण हिब्रू सांगणाऱ्याने एक गोष्ट बदलली आणि त्यामुळे सगळेच बदलले. त्याने शिक्षेचे कारण बदलले. बाबिलोनमध्ये माणसे बुडतात ती मालकाची झोप मोडली म्हणून. हिब्रू कथेत बुडतात ती पृथ्वी 'हामास'ने भरली म्हणून. या हिब्रू शब्दात जुलूम, लुबाडणूक, बळजोरी हे सगळे येते. म्हणजे न्याय करणाऱ्याला आता आपल्या निकालाचे कारण द्यावे लागते, आणि ते कारण त्याच्या सुखसोयीचे असून भागत नाही. शिक्षा ही मर्जी न राहता न्याय झाली, ती या ठिकाणी.

ही लुबाडणूक कसली होती, याचा जुन्या ज्यू आचार्यांनी कीस काढला आहे. एक जण सांगतो : कोणी कडधान्याची टोपली भरून बाजारात आला, की येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यातले चिमूटभर उचली. प्रत्येकाची चोरी इतकी क्षुल्लक, की कायद्याने तिची किंमतच होत नसे आणि फिर्याद लागत नसे. पण संध्याकाळी टोपली रिकामी! हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. भोंगा पाच मिनिटे उशिरा वाजवायचा, हजेरीपटावर अर्धा तास कापायचा, ओव्हरटाइमचा अपूर्णांक सोडून द्यायचा – एवढ्याशासाठी कोणी कोर्टात जातो का? नाही जात. पण वर्षाअखेर हजार टोपल्या रिकाम्या झालेल्या असतात. ज्या जगात अशा चोरीला फिर्याद नाही, ते जग आतून कुजलेले आहे, असे त्या आचार्याला म्हणायचे आहे. दरोडेखोरांनी नव्हे, चिमूटभर घेणाऱ्यांनी प्रलय आणला!

आता आज्ञापालनाकडे वळतो. नोहाचा गुण म्हणून ग्रंथ पुन्हा पुन्हा सांगतो, की त्याला सांगितले तसे त्याने केले. खरोखर, हे काम सोपे नव्हते. पाण्याचा पत्ता नाही आणि हा मनुष्य साडेचारशे फुटांचे लाकूडकाम काढतो. लोक हसले असतीलच. शिवाय बांधून झाल्यावरही हाती काय येते? तारवासाठी मूळ हिब्रू शब्द आहे 'तेवा'. त्याचा अर्थ पेटी. वर्णनात शीड नाही, वल्हे नाही, सुकाणू नाही. म्हणजे नोहा हा नावाडी नव्हेच. तो पेटीत बसून भरवशावर तरंगत राहतो. दारसुद्धा बाहेरून देवाने लावून घेतले, असे ग्रंथ म्हणतो.

आत तो स्वस्थ बसला असेल असे मात्र समजू नका. ज्यू परंपरेत एक सुंदर संवाद आहे. नोहाचा मुलगा शेम सांगतो, की तारवात आमचे फार हाल झाले. दिवसा खाणाऱ्या प्राण्यांना दिवसा चारायचे, रात्री खाणाऱ्यांना रात्री. एकदा सिंहाला अन्न द्यायला उशीर झाला तर त्याने नोहाला तडाखा दिला आणि तो लंगडा झाला, असेही एक आचार्य सांगतो. म्हणजे वाचणे ही बक्षिसी नव्हती, ती अहोरात्र पाळी होती. या नोहाला मी नमस्कार करतो.

पण एका गोष्टीपाशी मी अडतो. नोहा बोलत नाही. देव सांगतो, की मी सर्वांचा नाश करणार आहे. नोहा गप्प. देव मापे देतो. नोहा गप्प. प्रलयापूर्वी, प्रलयात आणि तारवातून उतरल्यावरही नोहाच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही. अध्याय चाळून पाहा. कुराणातला नूह निराळा आहे. तो शेकडो वर्षे लोकांना हाका मारतो आणि बुडणाऱ्या मुलासाठी देवापाशी रदबदली करतो. हिब्रू नोहाचे पहिले शब्द येतात ते सर्व आटोपल्यावर, द्राक्षमळा लावून, दारू पिऊन, झिंग उतरल्यावर. आणि ते शब्द असतात शापाचे : आपल्या नातवाने, कनानने, भावांचा गुलाम व्हावे. ज्याने बुडणाऱ्या जगासाठी तोंड उघडले नाही, त्याने तोंड उघडले ते गुलामी लादण्यासाठी!

या शापाचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. कनान हा हामचा मुलगा. शाप कनानला आहे आणि कोणाच्याही कातडीच्या रंगाचा तेथे उल्लेख नाही. तरी अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी तो ओढून-ताणून हामच्या वंशावर, म्हणजे आफ्रिकेतल्या माणसांवर, चिकटवला आणि एकोणिसाव्या शतकात धर्मपीठांवरून गुलामीचे समर्थन केले. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली लिहिलेल्या आत्मकथनात या युक्तिवादाची रेवडी उडवली आहे. गुलामांच्या पोटी मालकांचीच मुले जन्मत असताना हा हामचा वंश उरला कोठे, असे तो विचारतो.

नोहाच्या मौनाविषयी ज्यू आचार्यांतच मोठा वाद झाला. ग्रंथ म्हणतो, की नोहा 'आपल्या पिढीत' नीतिमान होता. हे दोन शब्द कशाला घातले? रब्बी नहेम्या म्हणतो, की हा गौरव आहे : अशा कुजक्या पिढीत जो नीट राहिला, तो चांगल्या पिढीत किती थोर झाला असता! रब्बी यहूदा म्हणतो, की नाही, हे त्याचे उणे आहे : त्या पिढीत तो उठून दिसला इतकेच, मोशेच्या काळात त्याला कोणी विचारले नसते. त्याचा दाखला आंधळ्यांच्या आळीतल्या एकडोळ्याचा आहे. आपल्याकडे म्हणतात, वासरांत लंगडी गाय शहाणी. पुढे मध्ययुगातल्या 'झोहर' परंपरेत तर अशी गोष्ट आहे, की नोहा बाहेर आला, उजाड पृथ्वी पाहून रडला आणि देवाला म्हणाला, की तू दया करायला हवी होतीस. तेव्हा देव त्याला मूर्ख मेंढपाळ म्हणतो. हे आता बोलतोस? मी आधी सांगितले ते कशासाठी? तू बोलावेस म्हणूनच ना!

मंडळी, या एका कल्पनेसाठी मी हा विषय घेतला. शिक्षा आधी जाहीर होते ती कोणीतरी आड यावे म्हणून. नोटीस लागते ती वाचून घरी जाण्यासाठी नव्हे.

आड येणारा माणूस याच पुस्तकात पुढे, अठराव्या अध्यायात भेटतो. तो अब्राहाम. देव त्याला सांगतो, की सदोम नगराविरुद्ध मोठा आक्रोश माझ्यापर्यंत आला आहे. सदोमचा अपराध कोणता? यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात तो सांगितला आहे : गर्व, पोटभर अन्न, स्वस्थ आराम आणि असे असूनही गोरगरिबांना हात न देणे. अब्राहाम त्या गावचा नव्हे. त्याचा पुतण्या लोट तेथे राहतो, पण अब्राहाम लोटाचे नाव काढीत नाही. तो देवाच्या समोर उभा राहतो आणि विचारतो, की सगळ्या पृथ्वीचा जो न्यायाधीश, त्यानेच न्याय करू नये काय? मग घासाघीस सुरू होते. पन्नास निर्दोष सापडले तर? देव म्हणतो, सोडीन. पंचेचाळीस? सोडीन. चाळीस? तीस? वीस? दहा? सहा वेळा मागणी, सहा वेळा मान्यता.

वाटाघाटींच्या टेबलाशी बसलेला मनुष्य म्हणून मी या प्रसंगाची दोन वैशिष्ट्ये आपल्यापुढे ठेवतो. पहिले असे, की अब्राहाम हात जोडून बोलतो, आपण धूळ आणि राख आहोत असे म्हणतो, पण मागणी सोडत नाही. नम्रता बोलण्यात आणि ताठपणा आकड्यात! आम्ही नवीन कार्यकर्त्यांना हेच शिकवतो आणि ते बहुधा उलटे करतात. दुसरे याहून महत्त्वाचे. तो असे म्हणत नाही, की दहा निर्दोष असतील तर त्या दहांना बाहेर काढा. तो म्हणतो, त्या दहांसाठी सगळे गाव राहू द्या. नोहाच्या कथेतला न्याय चांगल्यांना वेगळे काढतो आणि उरलेल्यांना बुडवतो. अब्राहामाचा न्याय थोड्या चांगल्यांच्या पुण्यावर सगळ्यांना जगवू पाहतो.

आपण विचाराल, उपयोग काय झाला? सदोम तर जळालेच. खरे आहे. दहा जणही निघाले नाहीत. ग्रंथ एवढेच नोंदवतो, की देवाने अब्राहामाची आठवण ठेवली आणि लोटाला बाहेर काढले. आणि हाच अब्राहाम पुढे स्वतःच्या मुलाचा बळी द्यायची आज्ञा होते तेव्हा एक शब्द न बोलता पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. परक्यांसाठी भांडणारा आपल्या लेकरासाठी गप्प! दोन हजार वर्षे शहाणी माणसे हे कोडे सोडवत आली आहेत. मला ते सोडवून दाखवायचे नाही. आज्ञाधारक आणि भांडखोर अशी माणसांची दोन खाती पाडता येत नाहीत, एवढे मात्र त्यातून दिसते.

येथे मी एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात एक खाते बंद करायचे ठरले. शंभरावर माणसांची यादी तयार झाली होती. यादी लागण्यापूर्वी व्यवस्थापकांनी आमच्या कमिटीच्या लोकांना आत बोलावले, चहा दिला आणि सांगितले, की तुम्ही कामाची माणसे आहात, तुमची सोय दुसऱ्या खात्यात करतो, गेटवर तेवढी शांतता राहू द्या. कमिटीत एक जुना फिटर होता. मितभाषी मनुष्य, वारकरी. त्याने विचारले, "साहेब, यादीत आमची नावं नाहीत ना?" ते म्हणाले, "मुळीच नाहीत." तो म्हणाला, "मग आधी ती घाला, आणि मग बोलू." चहा तसाच ठेवून सगळे उठले. पुढे अकरा आठवडे वाटाघाटी झाल्या. यादी जवळजवळ निम्मी झाली, बाकीच्यांना ठरल्यापेक्षा जास्त भरपाई मिळाली. उरलेल्या यादीत त्या फिटरचे नाव राहिले आणि तो घरी गेला.

त्या फिटरने बायबल वाचलेले नव्हते. पण तो जे बोलला ते मोशे त्याच्या आधी बोलून गेला आहे. 'निर्गम' या दुसऱ्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय पाहा. लोकांनी सोन्याचे वासरू केले, देव रागावला. तो मोशेला म्हणतो, की मला अडवू नकोस, यांना मी नष्ट करतो आणि तुझ्यापासून मोठे राष्ट्र करतो. म्हणजे नोहाला दिला तोच प्रस्ताव : सगळे बुडतील, तू आणि तुझा वंश राहील. नोहाने तो स्वीकारला. मोशेने नाकारला. एवढेच नव्हे, पुढे तो म्हणतो, की यांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव खोडून टाक. माझेही नाव यादीत घाला!

मोशेला हे बळ कोठून आले? त्याचे उत्तर एका शब्दात दडले आहे. तारवासाठी जो 'तेवा' हा शब्द, तो सबंध हिब्रू बायबलात आणखी एकाच वस्तूला लावलेला आहे. ती वस्तू म्हणजे लव्हाळ्याची ती पेटी, जिच्यात तान्ह्या मोशेला घालून नदीकाठी सोडले. तिलाही डांबर लावले होते. एक तेवा साडेचारशे फुटांची, दुसरी एका मुलापुरती. पहिली आज्ञा पाळून तयार झाली, दुसरी आज्ञा मोडून. मिसरच्या फारो राजाचा हुकूम होता, की इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारा. शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींनी तो पाळला नाही. राजाने जाब विचारला तेव्हा त्यांनी सांगितले, की या बायका दणकट, आम्ही पोचण्यापूर्वीच मोकळ्या होतात! मोशेच्या आईने हुकूम मोडला, बहीण काठावर राखण करीत राहिली, आणि खुद्द फारोच्या मुलीने बापाचा हुकूम मोडून ते मूल उचलले. त्या फारोचे नाव ग्रंथाने नोंदवले नाही. सुइणींची नावे नोंदवली आहेत. कोणाची आज्ञा पाळायची, हा आज्ञापालनातला पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या दोन कामकरी बायकांनी दिले. त्यांनी वाचवलेला मुलगा पुढे विटा पाडणाऱ्या गुलामांचा पुढारी झाला. राजाने गवत द्यायचे बंद केले आणि विटांचा आकडा तोच ठेवला, ही तक्रारही त्याच पुस्तकात आहे.

आता शेवटचा मुद्दा. प्रलयाने माणूस सुधारला काय? ग्रंथाचे उत्तर फार प्रामाणिक आहे. प्रलयापूर्वी देव म्हणतो, की माणसाच्या मनातले विचार वाईट आहेत, म्हणून नाश करतो. प्रलयानंतर तो म्हणतो, की माणसाच्या मनातले विचार बालपणापासून वाईट आहेत, म्हणून पुन्हा असा नाश करणार नाही. कारण तेच, निकाल मात्र उलटा! जग धुऊन निघाले, माणूस होता तसाच राहिला. बदलला तो न्यायाधीश. माणसाला बुडवून सुधारता येत नाही, हे त्याला कळले आणि त्याने करार केला. मराठी बायबलात शब्दच 'करार' आहे. धनुष्य ही त्या कराराची खूण. हिब्रूत इंद्रधनुष्याला आणि लढाईतल्या धनुष्याला एकच शब्द आहे. बलवानाने आपले शस्त्र ढगात टांगून ठेवले, असा अर्थ कित्येक वाचकांनी घेतला आहे आणि मलाही तोच पटतो.

मी पुष्कळ करार पाहिले. दुबळ्याला बांधणारे कागद कोणीही लिहितो. त्यांना करार म्हणणे ही शब्दाची थट्टा आहे. जो बलवानाचे हात बांधतो तो करार. येथे सर्वशक्तिमान म्हणवणारा स्वतःचे हात बांधून घेतो आणि तोही एकट्या नोहाशी नव्हे, तर पृथ्वीवरच्या सर्व जीवांशी, पशूपक्ष्यांशीसुद्धा. त्यासाठी त्यांच्याकडून बदल्यात काही मागत नाही.

देव मानणारे या सभेत असतील, न मानणारेही असतील. त्या वादात मी पडत नाही. पण दोघांपुढेही प्रसंग येतो तो सारखाच : कोणीतरी हलक्या आवाजात सांगतो, की पाणी येणार आहे, बाकीचे जातील, तुझी जागा राखून ठेवली आहे. अशा वेळी तारू जरूर बांधावे. हात आखडू नयेत, कारण पाणी खरेच येते. पण हात चालू असताना तोंड मिटू नये. किती जण असले तर गाव वाचेल, हे विचारीत राहावे. पन्नास नाही तर पंचेचाळीस, पंचेचाळीस नाही तर चाळीस. दहापर्यंत खाली येऊनही गाव वाचले नाही, तरी विचारणारा होता याची नोंद राहते, आणि पुढचा विचारणारा तेथून सुरुवात करतो.